नेमा २३ मोटरीले कोणता ड्रायव्हर घेऊ? टीबी६६०० का डीएम५४२ (लाकडाचं सीएनसी)

सागवानी_पोऱ्या (दारव्हा, यवतमाळ)

राम राम मंडळी. लाकडावर कोरीव काम कराले सीएनसी राऊटर (कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कोरणारी मशीन) बनवून राहिलो, फ्रेम झाली, स्क्रू बसले, आता ड्रायव्हरपाशी, म्हणजे मोटरीले करंट देणाऱ्या डबीपाशी, येऊन गाडं अडलं. आमचं सुतारकाम अन् वेल्डिंगचं दुकान आहे, बाबा चौकटी-दरवाजे करतात, सागवान परतवाड्याहून येते, अन् आजकाल जो तो म्हणते घराच्या नावाची पाटी करून द्या, देव्हाऱ्याची जाळी करून द्या, तं ते हातानं पुरत नाही म्हणून हा उपद्व्याप चालू केला.

बेड ९०० बाय ६०० मिमी, चौकोनी पाइपची फ्रेम घरीच वेल्ड केली. तिन्ही ॲक्सिसले १६०५ बॉलस्क्रू, वायले दोन स्क्रू अन् दोन मोटरा, म्हणजे मोटरा एकूण चार. नेमा २३ मापाच्या स्टेपर (स्टेप-स्टेपनं फिरणाऱ्या), चार वायरवाल्या, लेबलवर ३ अँपिअर अन् १.९ न्यूटन मीटर लिहून आहे. कंट्रोलर अर्डुइनो उनो, त्यात जीआरबीएल (मशीन हलवाचं सॉफ्टवेअर).

आता घोळ असा की एक दुकानदार म्हणते सीएनसी शिल्ड (उनोवर बसणारा बोर्ड) घे अन् त्यावर ए४९८८ हा छोटा ड्रायव्हर लाव, चालून जाईन. युट्यूबवाले अर्धे टीबी६६०० म्हणतात, अर्धे डीएम५४२. एका ऑनलाइन जाहिरातीत १२८ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे १२८ तुकडे) लिहून होतं, मले वाटलं जेवढे जास्त तेवढं काम बारीक निघन, पण किंमत पाहून थांबलो. एसएमपीएस (डीसी पॉवर सप्लाय) २४ व्होल्टचा घेऊ का ३६ चा का ४८ चा तेही समजून नाही राहिलं. अन् आमच्याकडच्या लाइटीचं तं तुम्हाले माहीतच आहे, रात्री बल्ब फुटाले येते अन् दुपारी पंखा मोजून घ्या. चार ड्रायव्हरचं बजेट आठ-दहा हजार. सांगा राजेहो.

बर्डीचा_सर्किटवाला (नागपूर)

पहिले ए४९८८ डोक्यातून काढून टाक भाऊ. तो चिप कागदावर २ अँपिअरचा आहे, अन् हीटसिंक न लावता चालवला तर १ अँपिअरच्या आसपासच तग धरते. डीआरव्ही८८२५ थोडा बरा, कागदावर अडीच, बिना थंडाव्याचा दीड. टीएमसी२२०९ लय शांत चालते, थ्रीडी प्रिंटरवाले त्याच्यावर फिदा आहेत, पण तोही २ अँपिअर आरएमएसवालाच (आरएमएस म्हणजे सरासरीसारखा, सतत मिळणारा करंट) अन् २९ व्होल्टच्या वर नेता येत नाही. हे सगळे लहान मोटरीचे, म्हणजे नेमा १७ चे गडी आहेत. तुझी मोटर ३ अँपिअरची. ए४९८८ वर ती फिरन, नाही असं नाही, टेबलावर रिकामी ठेवून व्हिडिओ काढाल तर मस्त दिसन. सागवानात ६ मिमीचा बिट घुसला की तिथंच कुईकुई करून उभी राहीन. दुकानदाराले विचार, शिल्डवर मोटर जोडून लाकूड कापून दाखवते का.

शिल्ड मात्र फेकू नको, घेतली असशीन तर तिच्यावरून स्टेप-डायरेक्शनच्या वायरी बाहेर काढून मोठ्या ड्रायव्हरले देता येतात.

आता मायक्रोस्टेपचा भ्रम. तुझी मोटर १.८ अंशाची असन, म्हणजे एका फेऱ्यात २०० स्टेप. ८ मायक्रोस्टेप ठेवले तर १६०० पल्स, अन् १६०५ स्क्रू एका फेऱ्यात ५ मिमी सरकते, म्हणजे १६०० भागिले ५, ३२० स्टेप प्रति मिमी. एका पल्सले ३ मायक्रॉन. अरे सागवान पावसाळ्यात याच्यापेक्षा किती पट फुगते! १२८ वर गेला तर ५१२० स्टेप प्रति मिमी होतात, अन् उनोवरचा जीआरबीएल सेकंदाले ३० हजारच्या आसपास पल्स देऊ शकते, त्याच्या वर नाही. हिशोब कर, मिनिटाले जेमतेम साडेतीनशे मिमी. मशीन गोगलगायीसारखी सरकन अन् बिट एकाच जागी घासून लाकूड जाळन. ८ वर तोच उनो साडेपाच हजार मिमीच्या वर पोचते, तेवढं तुले लागतही नाही.

अन् बारीक स्टेपची ताकदही बारीकच असते. १६ मायक्रोस्टेपवर एक मायक्रोस्टेप सरकाले मोटरीच्या होल्डिंग टॉर्कच्या १० टक्क्याइतकाच जोर मिळते, ८ वर २० टक्के. म्हणून ८ ठेव, लय झालं तर १६. जाहिरातीतला १२८ चा आकडा पाहून पैसे देऊ नको.

ड्रायव्हर निवडाचा तं दोनच गोष्टी पाहा: मोटरीले लागणारा करंट तो आरामात देते का, अन् किती व्होल्ट सहन करते. तुझ्यासाठी डीएम५४२. २० ते ५० व्होल्ट, पीक, म्हणजे क्षणापुरता कमाल करंट, ४.२ अँपिअर. डिजिटल आहे, मधल्या स्पीडले मोटर थरथरते ते बऱ्यापैकी दाबते.

कापूसवाला_अकोट

आमच्याकडं टीबी६६०० वरच चालू आहे अन् मस्त चालू आहे. एमडीएफ कापतो, नंबरप्लेटा कोरतो, काही अडचण नाही. नवीन माणसाले पहिलेच महागाचा घ्या म्हणणं बरोबर नाही वाटत. डीएम५४२ दुप्पट-अडीचपट जाते, तेवढ्यात चांगला एसएमपीएस अन् ड्रॅग चेन येऊन जाते. पोराचं बजेट पाहा ना बाप्पा.

फक्त स्पीड आवरता घ्या, मिनिटाले २००० मिमीच्या वर मी नेत नाही.

बर्डीचा_सर्किटवाला (नागपूर)

कापूसवाले भाऊ, तुमची मशीन चालते यात दुमत नाही. तुमच्या मोटरा किती अँपिअरच्या ते सांगा ना पण. दोन-सव्वा दोनच्या असतीन तर टीबी६६०० ठीकच आहे.

याच्या मोटरा ३ च्या आहेत. टीबी६६०० च्या डबीवर टेबल छापलेलं असते, त्यात ३.० च्या समोर पीक ३.२ लिहिलेलं दिसन. पीकले १.४१ नं भागा, येते सव्वा दोनच्या आसपास, नेमकं सांगाचं तं २.२६ आरएमएस. म्हणजे स्विच ३ वर अन् मोटरीले पोचते सव्वा दोन. शेवटचं सेटिंग ३.५ वालं, त्याच्यासमोर पीक ४.०, तिथं कुठं २.८ आरएमएस होते, अन् तेव्हा ती डबी पूर्ण दमावर. मोटर कंपनी लेबलवर जो करंट देते तो आरएमएसच्या हिशोबाचा असते, अन् ड्रायव्हरवाले मोठा आकडा दिसावा म्हणून पीक छापतात. इथंच सगळ्याईची गफलत होते.

डीएम५४२ वर दोन्ही कॉलम सरळ आहेत. ४.२० पीक म्हणजे ३.०० आरएमएस, ३.७६ पीक म्हणजे २.६९ आरएमएस, ३.३१ म्हणजे २.३६. पहिले तीन स्विच करंटचे, चौथा उभ्या मोटरीचा करंट अर्धा कराचा, पाच ते आठ मायक्रोस्टेपचे. टीबी६६०० वर सहाच स्विच असतात, अर्ध्या करंटचा वेगळा स्विचच नाही. अजून एक मजा, टीबी६६०० म्हणून विकलेल्या कितीतरी डब्या उघडल्या तर आत तोशिबाचा टीबी६७एस१०९ निघते, टीबी६६०० नाहीच. तो चिप वाईट नाही, पण नाव एक अन् माल दुसरा असन तं डबीवरच्या ४ अँपिअरवर किती भरवसा ठेवाचा ते तुम्हीच ठरवा.

सागवानी_पोऱ्या (दारव्हा, यवतमाळ)

बापरे, पीक अन् आरएमएसचं कोणीच सांगितलं नव्हतं. मोटरीचा कागद शोधला, त्यात इंडक्टन्स ३.५ मिलीहेन्री अन् रेझिस्टन्स १ ओहम लिहून आहे. याच्यावरून व्होल्टेज काढता येते म्हणे? एक जण म्हणते मोटर १ ओहमची, ३ अँपिअर, म्हणजे ३ व्होल्टची मोटर, तिले ३६ दिले तर जळून जाईन. आता काय खरं?

बर्डीचा_सर्किटवाला (नागपूर)

नाही जळत. हे ड्रायव्हर करंट चॉप करतात, सेट केलेला करंट झाला की सप्लाय तोडतात, खाली आला की परत जोडतात, हे सेकंदाले हजारो वेळा. जास्त व्होल्टेजचं काम करंट लवकर चढवाचं. मोटर जोरात फिराले लागली की प्रत्येक स्टेपले वेळ कमी मिळते, कॉइल करंटले अडवते, वरून फिरणारी मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते. २४ व्होल्टवर अशावेळी करंट भरतच नाही, टॉर्क पडते, स्टेप सुटतात. म्हणून लोक म्हणतात स्पीड वाढवला की मशीन रेषा सोडते.

ठोकताळा असा की इंडक्टन्स मिलीहेन्रीत घ्याचा, त्याचं वर्गमूळ, गुणिले ३२. तुझे ३.५, वर्गमूळ १.८७, म्हणजे ६० च्या आसपास. ही वरची हद्द झाली, तिथवर जायलाच पाहिजे असं नाही. डीएम५४२ ची स्वतःची हद्द ५०. ४८ चा एसएमपीएस लावशीन तर वर जागाच राहत नाही, कारण मोटर एकदम थांबली की ती जनरेटरसारखी व्होल्टेज परत सप्लायमध्ये फेकते, अन् ते ५० पार गेलं की ड्रायव्हर गेला. ३६ घे. तुझ्या स्पीडले भरपूर आहे.

एसएमपीएस ३६ व्होल्ट ३५० वॅट एक पुरते चौघाईले. चार गुणिले तीन बारा अँपिअर असा हिशोब लावू नको, चॉपिंगमुळे सप्लायमधून मोटरीच्या करंटपेक्षा कमीच ओढल्या जाते, अन् चारही मोटरा एकदम जोर लावत नाहीत.

रिटायर_मेंटेनन्स (चंद्रपूर)

बेटा, सर्किटवाल्यानं ड्रायव्हरचं बरोबर सांगितलं. माझं आयुष्य प्लांटच्या मेंटेनन्समध्ये गेलं, म्हणून बाकीचं मी सांगतो, कारण आपल्या भागात ड्रायव्हर जळतात ते चुकीचा मॉडेल घेतल्यानं कमी अन् बाकीच्या कारणानं जास्त.

पहिलं, एसएमपीएसच्या बाजूला एक छोटा लाल सरकस्विच असतो, ११५ आणि २३० चा. काही नग ११५ वर सरकवलेले येतात. स्क्रूड्रायव्हरनं २३० वर आहे की नाही पाहून मगच प्लग लाव, नाही तर पहिल्याच वेळी आवाज होईल. आणि २३० वर ठेवलेला असा एसएमपीएस साधारण १८० ते २६४ व्होल्ट इनपुटपर्यंत नीट काम करतो. तुझ्याकडे दुपारी कृषिपंप चालू झाले की किती येतं ते मल्टिमीटरनं मोज. १८० च्या खाली जात असेल तर डीसी बाजू खाली येते, ड्रायव्हर लो व्होल्टेज दाखवून बंद पडतो किंवा स्टेप सुटतात, आणि तू ड्रायव्हरला दोष देत बसशील. सर्वो स्टॅबिलायझर लाव, निदान कंट्रोल पॅनेलपुरता तरी. राऊटर स्पिंडल वेगळ्या लाइनवर.

दुसरं उन्हाचं. नवतपात तुझ्या टिनाच्या शेडमध्ये ४५ च्या वर पारा असेल. त्यात ड्रायव्हर, एसएमपीएस, सगळं बंद पेटीत, आणि लाकडाचा भुसा आत जाऊ नये म्हणून पोरं पेटी आणखी घट्ट बंद करतात. ड्रायव्हर असे बसव की त्यांच्या हीटसिंकच्या पट्ट्या उभ्या राहतील, म्हणजे गरम हवा वर निघून जाते. दोघांमध्ये दोन-अडीच बोटं अंतर. पेटीला खालून हवा आत, वरून पंख्यानं बाहेर, आत येणाऱ्या जाळीला फोमचा फिल्टर, आणि तो दर आठवड्याला झटकायचा. सागवानाचा भुसा तेलकट असतो, बसला की चिकटतो. एसएमपीएस पूर्ण वॅट देईल असं उन्हाळ्यात धरू नको, तापमान वाढलं की त्याची क्षमता उतरते, म्हणूनच ३५० वॅट म्हटलं ते योग्य.

तिसरं, हे भिंतीवर लिहून ठेव: सप्लाय चालू असताना मोटरीची वायर काढायची नाही, लावायची नाही. सैल स्क्रू, अर्धवट दाबलेला लग, ड्रॅग चेनमध्ये तुटत आलेली वायर, या सगळ्याचा परिणाम तोच. कॉइलची जोडणी तुटली की तिच्यातला व्होल्टेज उसळतो आणि ड्रायव्हरच्या आउटपुटचे मॉस्फेट (करंट सोडणारे ट्रान्झिस्टर) जातात. इमर्जन्सी स्विच ड्रायव्हर आणि मोटर यांच्यामध्ये कधीच लावू नये. एसएमपीएसच्या एसी बाजूला लाव.

अर्थिंग आहे का दुकानात? वेल्डिंगचं दुकान म्हणतोस म्हणून विचारलं. वेल्डिंग मशीन आणि सीएनसी एका वेळी एका सर्किटवर चालवू नको. कोळसा-मीठ घालून खड्डा केला असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जा, कोरडा खड्डा काही कामाचा नाही.

कापूसवाला_अकोट

काका नमस्कार. खड्ड्यात पाणी टाकाचं लोक विसरतातच, आमच्या जिनिंगात मे महिन्यात हेच होते.

अन् सर्किटवाले भाऊ, पाहिलं आत्ताच, माझ्या मोटरा २.८ च्या आहेत 😀 म्हणजे त्याईले मी उपाशीच ठेवून राहिलो होतो म्हणा. पण काम तं होऊन राहिलं. बदलाचा विचार नाही सध्या, हे ड्रायव्हर जळले की पाहू.

लॅपटॉपवाला_वर्धा

एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ क्लोज्ड लूप घे ना भाऊ. एन्कोडरवाली मोटर अन् त्याचाच ड्रायव्हर, स्टेप सुटला की स्वतःच भरून काढते नाही तर अलार्म देते. मी तं म्हणतो एकदाच पैसे लागतीन पण डोक्याले ताप नाही.

बर्डीचा_सर्किटवाला (नागपूर)

मोटरा त्यानं घेऊन ठेवल्या आहेत, वाचलं नाही का? क्लोज्ड लूपले एन्कोडरवाल्या नव्या मोटरा लागतात. अन् पाट्या कोराले त्याची गरज नाही. फीड (कापाचा वेग) जास्त ठेवून बिट मोडाचा असन तर एन्कोडर काय करणार, बिट तं मोडनच.

झेड ॲक्सिसले मात्र एखाद्या दिवशी विचार कर पोऱ्या, तिथं स्टेप सुटला तर बिट थेट बेडमध्ये घुसते. ते नंतरचं.

सागवानी_पोऱ्या (दारव्हा, यवतमाळ)

ठरलं, डीएम५४२ अन् ३६ व्होल्ट ३५० वॅट. काका, मोजलं आज, दुपारी पंप चालू असताना १७२ आले, संध्याकाळी २०५. स्टॅबिलायझर पाहतो. खड्डा कोरडाच होता, बाबानं दोन बादल्या ओतल्या.

आता वायरिंग. वायच्या दोन मोटरा समोरासमोर आहेत, उनोवर तं वायची पिन एकच. दोन ड्रायव्हर एका पिनवर चालतीन का? अन् मोटरीच्या चार वायरीतली जोडी कशी ओळखू, रंग कागदाशी जुळून नाही राहिले.

बर्डीचा_सर्किटवाला (नागपूर)

जोडी ओळखाले मल्टिमीटर कंटिन्युटीवर ठेव, ज्या दोघात बीप येईन ती एक कॉइल. मीटर नसन तर दोन वायरी आपसात टेकव अन् शाफ्ट बोटानं फिरव, जड लागला की तीच जोडी. एक जोडी ए+ ए−, दुसरी बी+ बी−. प्लस-मायनसची चिंता नको, उलटी फिरली तर एकाच जोडीच्या दोन वायरी अदलाबदल कर. वायची दुसरी मोटरही तशीच उलटी फिरवाची. वायरी बदलाच्या आधी सप्लाय बंद, काकाईनं सांगितलंच.

एका पिनवर दोन ड्रायव्हर चालतात. डीएम५४२ चा इनपुट साधारण १० मिलीअँपिअर घेते, दोघाईचे वीस, उनोची पिन तेवढं देते. तीन नको जोडू. पल+ अन् डिर+ दोन्ही उनोच्या ५ व्होल्टले, पल− स्टेप पिनले, डिर− डायरेक्शन पिनले. ईएनए (ड्रायव्हर चालू-बंद कराचा इनपुट) रिकामा सोड, ड्रायव्हर चालूच राहते. लोक उगाच ते जोडतात अन् मग मोटर काऊन फिरत नाही म्हणून विचारत बसतात.

असं जोडलं की पल्स उलटा होते, म्हणजे ड्रायव्हरच्या इनपुटच्या आतला एलईडी पल्स नसताना चालू असते. जीआरबीएलमध्ये $२ नंबरच्या सेटिंगमधून स्टेपचा पल्स उलटवता येते, नाही तर प्रत्येक वेळी दिशा बदलली की एखादा स्टेप इकडंतिकडं होऊ शकते अन् तासाभराच्या कामात चुका जमा होतात. $१०० ते $१०२ मध्ये ३२० टाक. $१ ले २५५, म्हणजे मोटरा धरून राहतीन. स्पीड $११० अन् $१११ मध्ये पहिले १५०० ठेव, $१२० चं ॲक्सिलरेशन १०० पासून चालू कर अन् मग चढव. करंट ३.७६ पीकवर ठेव, पूर्ण ४.२ ची गरज नाही, मोटर थंड राहते. चौथा स्विच अर्ध्या करंटवर. १५ मिनिटं चालवून मोटरीले हात लाव, गरम लागनच, पण हात टेकवून ठेवता आला पाहिजे.

वायर मोटरीपर्यंत शिल्डवाली घे, शिल्ड पॅनेलकडच्या एकाच टोकाले अर्थ कर. राऊटरची वायर अन् लिमिट स्विचची वायर एकाच ड्रॅग चेनमध्ये नेऊ नको.

रिटायर_मेंटेनन्स (चंद्रपूर)

१७२ मध्ये काही टाकू नकोस बेटा, स्टॅबिलायझर आल्यावरच पॅनेल चालू कर. लाइट गेली की जीआरबीएल जागा विसरतो, म्हणून होमिंगचे (मशीनला मूळ जागा सापडवून देणारे) लिमिट स्विच आत्ताच लाव, $२२ चालू कर, आणि पाटीचा शून्य बिंदू होमपासून किती अंतरावर धरला ते वहीत लिहून ठेवत जा. अर्धी कोरलेली पाटी फेकावी लागली तर सागवानाचा भाव तुला माहीत आहे.

आणि चार नाही, पाच ड्रायव्हर मागव. जळेल तो रविवारीच, आणि दारव्ह्यात पार्सल यायला किती दिवस लागतात ते तूच मला सांग.